मोजायचे शब्द

आज सकाळी अबू जासिमच्या घरून खारकांचं ताट आलं. दर वर्षी जुलैत येतं. इथे बहारीनमध्ये, सनदला, आमच्या घरामागे त्यांची लहानशी बाग आहे, पंधरा-वीस झाडांची, आणि पहिला घड उतरवला की आजूबाजूच्या चार घरांत ताट गेल्याशिवाय ते स्वतः तोंडात खारीक घालत नाहीत. अर्धी पिवळी, अर्धी पिकून तपकिरी झालेली, टोकाशी मऊ आणि देठाशी करकरीत. इथले लोक तिला रुतब म्हणतात, आम्ही आपले ओली खारीकच म्हणतो. ताट ॲल्युमिनियमचं, कडेला पोचे आलेलं, इतक्या वर्षांत बदललेलं नाही. बायकोने ते ओट्यावर ठेवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, परत पाठवताना यात काय घालायचं? रिकामं ताट परत पाठवायचं नाही ही रीत त्यांच्यातही आहे आणि आमच्या दाभोळकडेही आहे. तेवढ्या एका रीतीवर आमचा शेजार उत्तम चालला आहे.

मंदार शाळेला सुट्टी म्हणून घरातच होता. अकरा वर्षांचा आहे. त्याने खारका मोजल्या आणि म्हणाला, "थर्टी वन, बाबा." मी म्हटलं, एकतीस. तो म्हणाला, "सेम थिंग." मराठी त्याला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. सेम थिंग नाही रे बाबा, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते सांगायचा अधिकार मी एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात गमावून बसलो आहे. मग मी मनातल्या मनात खारका पुन्हा मोजल्या, लाभ, नो लियप, सा लियप, सी लियप, आणि एकतिसाव्यापर्यंत जाण्याआधीच थांबलो.

इथला उन्हाळा उन्हाने मारत नाही, पाण्याने मारतो. जुलै सरता सरता समुद्र हवेत शिरतो. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस दारातच आंधळा होऊन उभा राहतो. शर्ट पाठीला, कागद मनगटाला, पेन्सिल बोटांना चिकटते. मीना सलमान बंदरातल्या गोदामांचे पत्रे सकाळी सातलाच हात लावू देत नाहीत. त्या पत्र्यांखालचा वास मला अजून वेगवेगळा करून सांगता येईल: ज्यूटच्या ओल्या पोत्यांचा, सिमेंटच्या धुळीचा, फोर्कलिफ्टच्या डिझेलचा आणि मधूनच कुठलीतरी पेटी फुटली की वेलचीचा. वेलचीचा वास आला की सगळे हमाल क्षणभर थांबायचे. मग मुकादम यल्ला म्हणायचा आणि काम पुन्हा सुरू व्हायचं.

मी टॅली क्लार्क होतो. म्हणजे जहाजातून उतरणारा माल मोजायचा. हातात लाकडी पाटी, तिच्यावर चिमट्याने लावलेला कागद, आणि दिवसभर चार उभ्या रेघा व पाचवी आडवी. माझ्याच समोर, जहाजाच्या बाजूने मोजणारा दुसरा क्लार्क असायचा. दोघांचा आकडा जुळला तर सही, नाही जुळला तर सगळा माल पुन्हा मोजायचा, त्या पत्र्याखाली. माझ्या समोरचे ते दुसरे म्हणजे अ-सेंग. पेनांगचे चिनी, वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्यावर कायम पांढरी कापडी टोपी. जन्मभर माल उचलणाऱ्या विंचांच्या खडखडाटात काढल्यामुळे डावा कान गेलेला आणि उजवा जायच्या वाटेवर. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पहिल्या महिन्यात मी त्यांना मिस्टर सेंग म्हणत होतो, दुसऱ्या महिन्यापासून सेंगकाका. काका म्हणजे काय ते त्यांनी एकदा विचारून घेतलं आणि मान हलवली. ते मला शेवटपर्यंत सालवी म्हणत आले. साळवीतला ळ त्यांच्या जिभेला कधी जमला नाही.

सुरुवातीला आमचे आकडे जुळायचे नाहीत आणि चूक प्रत्येक वेळी माझी निघायची. क्रेनच्या एका स्लिंगमध्ये, म्हणजे दोरांच्या झोळीत, पाइप, पिंपं आणि पेट्या एकदम आल्या की माझ्या डोक्यात तिघांची खिचडी व्हायची. सेंगकाकांची व्हायची नाही. ते ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत मोजायचे. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं. "सालवी, वन पाइप नहीं बोलो. चित त्याव बोलो. देखो, लंबा." मग पिंपाकडे बोट करून म्हणाले, "चित लियप. गोल." आणि पेटीवर थाप मारून, "चित खा."

चित म्हणजे एक. पुढचा शब्द वस्तूचं नाव नव्हे, तर ती वस्तू कशी आहे ते सांगणारा मोजायचा शब्द. त्यांच्या भाषेत नुसतं तीन म्हणता येत नाही, तीन कसले ते आधी ठरवावं लागतं. लांब, वळणाऱ्या वस्तूंना त्याव: दोर, पाइप, रस्ता आणि गाणंसुद्धा. गोल, टपोऱ्या वस्तूंना लियप: पिंप, अंडं, दगड, खारीक. काठीसारख्याला की: छत्री, पेन, विडी. पसरट कागदाला त्यूं. जनावराला च्या, आणि जहाजालाही च्याच, कारण जहाज जिवंत असतं असं काकांचं मत. माशाला ब्वे. खा म्हणजे खरं तर पाय. जोडीतल्या एकट्या उरलेल्या वस्तूला खा लावतात, एका चपलेला, एका कानातल्याला, आणि पेटीलाही. पेटीला का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. ते शब्द लावून मोजायला लागलो आणि माझी खिचडी थांबली. त्यावांची रांग वेगळी, लियपांची वेगळी, डोक्यात आपोआप तीन दोऱ्या पडायच्या. सहा महिन्यांत मला त्यांच्या भाषेतलं जगातलं जवळजवळ सगळं मोजता येऊ लागलं. पाणी द्या असं मात्र म्हणता येत नव्हतं.

ती भाषाही काही शुद्ध वगैरे नव्हती. काकांचे पणजोबा चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून मलायाच्या बंदरात उतरले आणि मलाय लोकांमध्ये राहून त्यांच्या बोलण्यात मलाय शब्द शिरले. दगडाला बातू, पावाला रोटी, 'पण' म्हणायला तापी. पेकिंगच्या माणसाला यातलं अर्धं कळणार नाही, हे काका काहीशा अभिमानानेच सांगायचे. साबणाला ते साबून म्हणतात हे कळल्यावर आमच्या शेडमध्ये त्या दिवशी मोठा आनंद झाला, कारण तिथल्या अरबांचाही साबून होता आणि आमचा साबण. पण येणारे शब्द येत होते तसे मोजायचे शब्द जात होते. आजोबांना किती यायचे, वडिलांना किती, आपल्याला किती, हे ते बोटांवर दाखवायचे आणि बोटं मिटत जायची. आता पेनांगच्या बाजारात पोरं सगळ्यालाच ए लावतात, म्हणायचे. दोर ए, मासा ए, छत्री ए. ए म्हणजे आपला नग. सगळं जग नग झालं की मोजायचं कशाला, असं त्यांनी एकदा मला विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

माझ्याकडून त्यांनी एकच शब्द घेतला. आमच्या खळ्यात वडील भात मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते फोर्कलिफ्टच्या वाटेत उभे राहून विचार करत राहिले, ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून त्यांची मोजणी लाभपासून सुरू झाली. लाभ, नो त्याव, सा त्याव. मीना सलमानच्या धक्क्यावर एक चिनी माणूस दाभोळच्या खळ्यातला शब्द उच्चारतो आहे, हे ऐकून मला रोज सकाळी उगाचच बरं वाटायचं. आमच्याकडेही जुडी होती, पेंढी होती, मोळी होती, पानांची कवळी, केळ्यांची फणी, मासळीचा वाटा. मी ते सगळे त्यांना सांगितले. त्यांनी प्रत्येकाला मान डोलावली आणि म्हणाले की तुमच्याकडे अजून बरेच शिल्लक आहेत, जपा.

तेव्हा घरी बोलायचं तर फोन नव्हे, कॅसेट. मुहर्रकला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण कोकणातले एका खोलीत राहत होतो आणि सहा जणांत टेपरेकॉर्डर माझा. विमानतळ शेजारीच, त्यामुळे आमच्या प्रत्येक कॅसेटमध्ये दर पाच-दहा मिनिटांनी एक विमान जायचं. कॅसेट भरायची, गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. घरची माणसं ती ऐकायची आणि त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून परत पाठवायची. आपलं बोलणं पुसलं जायचं, त्यांचं यायचं, पुन्हा त्यावर आपलं. कोरी कॅसेट कुणी परत पाठवत नसे. ताटासारखंच होतं ते.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. आम्ही त्यांना दात म्हणायचो. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, आतलं कायमचं राहतं. गाण्यांच्या विकतच्या कॅसेटचे दात मोडलेलेच असतात. आम्ही जुन्या गाण्यांच्या कॅसेट स्वस्तात घ्यायचो, मोडक्या दातांवर चिकटपट्टी लावायचो आणि गाण्यांवर आपली पत्रं भरायचो. खोलीतली एकूण एक कॅसेट चिकटपट्टीवाली. चिकटपट्टी दिसली की कॅसेट आपली, एवढं आमच्या हातांना पाठ झालं होतं.

सेंगकाकांची बायको गेलेली होती. मुलगी मेई, बारा वर्षांची, सिंगापूरला मावशीकडे. काका दर शुक्रवारी मीना सलमानच्या कॅम्पवरून शेअर टॅक्सीने मुहर्रकला यायचे, आमच्यात बसून डाळभात जेवायचे आणि मेईची कॅसेट ऐकायचे. तिचं बोलणं दर खेपेला थोडं कमी व्हायचं. आधी ती घरच्या भाषेत बोलायची, मग निम्मं इंग्रजी, मग सगळंच इंग्रजी, शाळेतल्या मुलींचं, भराभरा पळणारं. काकांचं इंग्रजी धक्क्यावरचं. शॉर्ट, डॅमेज, साइन हियर, एवढ्यात त्याची हद्द संपायची. त्यात कान अधू. म्हणून मी आधी टेपला कान लावायचो आणि ती काय म्हणाली ते त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायचो. बापाला आपल्या लेकीचं बोलणं कळावं म्हणून मधे एक दाभोळचा साळवी. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही, उलट थोडी ऐटच वाटायची.

त्या जूनमध्ये जी कॅसेट आली ती जेमतेम चार मिनिटांची होती. मेई म्हणत होती, पप्पा, प्लीज, माझ्याशी इंग्रजीत बोला. शाळेत ही भाषा चालत नाही, शाळेत दुसरी चिनी शिकवतात. तुम्ही मोजायचे शब्द सांगता ते मला लक्षात राहत नाहीत आणि मैत्रिणी हसतात. वाईट मुलगी नव्हती ती. अडखळत, रडवेल्या आवाजात बोलत होती, आणि शेवटी म्हणाली, तुम्ही कशाही इंग्रजीत बोला, मी समजून घेईन.

काका माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. हातात भाताची ताटली तशीच. मला ते सांगवेना. आणि खरं बोलायचं तर जेवण चाललं होतं, शुक्रवार होता, मला तो खराब करायचा नव्हता. मी म्हटलं, "बोलती है, गिनती के वर्ड अच्छे लगते हैं. और भेजो."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. आजही तो डोळ्यांसमोर आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

त्यानंतरचे चार शुक्रवार ते आमच्या खोलीत बसून एकाच कॅसेटची अर्ध्या तासाची एक बाजू भरत होते. बाजारातून स्वतः नवी कोरी आणली होती. याद्या सांगायच्या नाहीत, त्या मुलांना कंटाळवाण्या होतात, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणून ते पेनांगच्या आपल्या वडिलांच्या घरात शिरले आणि एकेक वस्तू मोजत आत आत गेले. पहिला शब्द लाभ. मग दाराच्या फळ्या, कोपऱ्यातल्या छत्र्या, भिंतीवरची चित्रं, मडक्यातले मासे, आजीचं एकटं उरलेलं कानातलं. मधे मधे थांबून मला सांगायचे की आता न्हाणीघरात आलो, आता मागच्या अंगणात. विमान आलं की बोट वर करून थांबायचे आणि ते गेलं की सोडलेल्या ठिकाणापासून पुढे. बाहेर दमट दुपार पेटलेली असायची, खिडकीतला एसी गुरगुरायचा, आणि आमचे पाचही सोबती आपल्या खाटांवर गप्प पडून ऐकायचे. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटची दहा मिनिटं घराबाहेरची होती, किनाऱ्यावरची. तिथे त्यांनी पडाव मोजले, जाळी मोजली, मासे मोजले. आणि सगळ्यांत शेवटी माणसं. माणसाला ए लावतात, तोच तो नगासारखा ए. चित ए, मेई. एवढं म्हणून त्यांनी बटण बंद केलं.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढून त्या कॅसेटचे दोन्ही दात मोडले. कायमची राहू दे म्हणाले. कॅसेट माझ्याकडे दिली, शनिवारी पोस्टात टाकायला.

ते गेल्यावर मी विचार केला की दात मोडले तर बिचारी मेई उत्तर कशावर भरेल? कोरी परत पाठवायची नाही, दुसरी विकत घ्यायला मावशी पैसे देईल न देईल. म्हणून मी दातांवर चिकटपट्टी लावली. भलाईच केली म्हणा ना. टेपरेकॉर्डरवर ती ठेवली, शेजारीच मी त्याच आठवड्यात घेतलेली एक नवी कोरी कॅसेट होती. तेवढ्यात आमच्या वाडीतला शांताराम धावत आला. त्याच्या घरून तार आली होती, चारचं विमान होतं, काही द्यायचं असेल तर दे म्हणाला. मी हात पुढे केला. चिकटपट्टीवाली उचलली, कारण चिकटपट्टीवाली आपली. गुंडाळून सुरुवातीला आणली आणि वीस मिनिटं बायकोशी बोललो. उन्हाळा फार आहे, मंदारच्या दाढा आल्या का, छपराची कौलं बघून घे, असलं काहीतरी. शांताराम कॅसेट घेऊन गेला. शनिवारी मी शेजारची, चिकटपट्टी नसलेली, सेंगकाकांच्या डबीत घातली, त्यांनी चिनी अक्षरांत पत्ता लिहून दिलेल्या पाकिटात ती डबी भरली आणि पोस्टात टाकली.

तीन आठवड्यांनी बायकोचं पत्र आलं. ते अजून आहे. खाली तिने लिहिलं होतं, "तुमचं बोलणं संपल्यावर कुणी म्हातारा काहीतरी म्हणतो आहे, आरती म्हटल्यासारखं. मंदार ते ऐकून टाळ्या वाजवतो. सारखं तेच लावायला सांगतो." मी ते वाक्य गोदामाच्या पायरीवर बसून वाचलं. समोरच सेंगकाका लाभ, नो च्या करत ऑस्ट्रेलियातून आलेली मेंढरं मोजत होते. मेंढरं जिवंत होती, आणि हा शब्द फार दिवसांनी वापरायला मिळाल्यामुळे ते खुशीत होते.

तिथल्या तिथे उठून त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी पुन्हा चार शुक्रवार बसून सगळं घर पुन्हा मोजलं असतं. रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, मग बोलले असते. मी काय ठरवलं, तर आधी ती कॅसेट परत मागवायची. निदान शेवटची दहा मिनिटं तरी हातात ठेवून मग सांगायचं. रिकाम्या हाताने कसं जायचं? मी बायकोला लिहिलं, कॅसेटवर काही भरू नको, तशीच पाठव. पत्र पोचायच्या आत कॅसेट निघाली होती. ऑगस्टच्या अखेरीस ती आली. बायकोने पहिल्यापासून शेवटपर्यंत भरली होती. उत्साहाच्या भरात शेजारच्या काकू बोलल्या होत्या, वाडीतली मुलं शाळेतल्या कविता म्हणाली होती, आणि अगदी शेवटी दोन वर्षांच्या मंदारकडून तिने बाबा म्हणवून घेतलं होतं. एवढी भरगच्च कॅसेट मला कधी आली नव्हती. मी ती दोनदा ऐकली, त्या बडबडीच्या खाली कुठेतरी काकांचा आवाज ऐकू येतो का बघायला.

तोवर काका रोज विचारत होते. "सालवी, आन्सर आया?" मी म्हणायचो, पोस्टाचं काही खरं नाही. मग दिवसाआड विचारू लागले, मग आठवड्याने. त्या वर्षीही खारका आल्या होत्या. धक्क्याच्या फाटकाशी एक हाजी झावळ्यांच्या टोपलीतून विकत बसायचा. काका चार खारका घेऊन आले, दोन मला दिल्या, आणि म्हणाले, "टू फॉर यू." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दुपारी पाइप उतरले तेव्हा कान देऊन ऐकलं. वन, टू, थ्री. लाभ नाही, त्याव नाही. आकडा तरीही बरोबर आला. माझाच चुकला, आणि आम्ही दोघांनी सगळे पाइप पुन्हा मोजले.

मी तेव्हाही बोललो नाही. आता बोलायचं म्हणजे एक नव्हे, दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. कॅसेट पुसली हे सांगताना, मुलीने मुळात काय म्हटलं होतं तेही सांगावं लागणार होतं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज पत्र्याखालच्या उकाड्यात ते वितळून जायचं. माणूस किती भित्रा असू शकतो हे मला त्या महिन्यात कळलं, आणि हे कळून काही उपयोग होत नाही हेही कळलं.

ऑक्टोबरमध्ये त्यांचं काँट्रॅक्ट संपलं. वाढवून मिळत होतं, त्यांनी घेतलं नाही. विमानतळ मुहर्रकलाच, मी चालत पोचवायला गेलो. त्यांच्याकडे एकच पेटी होती. मी मनात म्हटलं, चित खा. ते आत जायला वळले, पुन्हा मागे आले आणि माझ्या कानाशी, स्वतः बहिरे असल्यामुळे जरा मोठ्यानेच, म्हणाले, "सालवी, शी इज राइट. वन टू थ्री, इनफ." मुलीने उत्तर न देऊन जे सांगितलं ते आपल्याला कळलं, असं त्यांना म्हणायचं होतं. मी त्यांचा हात धरून उभा होतो. तोंडात वाक्य तयार होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, मला वाईट वाटतंय असं समजून, आणि ते गेले.

दोन वर्षांनी मेईचं पत्र आलं. इंग्रजीत, शाळकरी, सुरेख अक्षरात. वडील वारले, त्यांच्या पेटीत माझा पत्ता सापडला म्हणून लिहिते आहे. तिने लिहिलं होतं की बहारीनहून पप्पांची शेवटची कॅसेट आली ती कोरी होती. तिने दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या, दोनदा, कुठेतरी काहीतरी असेल म्हणून. मग तिला समजलं की इंग्रजीत बोला म्हटल्याचा त्यांना राग आला आहे आणि त्यांनी आपल्याशी बोलणं सोडलं आहे. तिची उत्तर पाठवायची हिंमत झाली नाही. ते घरी परत आल्यावरही दोघांत तो विषय कधी निघाला नाही. ते तिच्याशी इंग्रजीत बोलत, थोडंसं, कामापुरतं. तुम्ही त्यांचे मित्र होता, त्यांनी कोरी कॅसेट का पाठवली ते तुम्हाला काही बोलले होते का? एक वाक्य लिहिलंत तरी पुरेल.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मध्यंतरी मी मुहर्रक सोडलं, बायको-मुलाला आणलं, सनदला घर घेतलं. पत्र कपाटात पासपोर्टच्या पाकिटात आहे. दर जुलैत ताट येतं आणि दर जुलैत मी ते काढून वाचतो. एका वर्षी कोरी कॅसेट लावून बसलोही होतो, निदान मला येतात तेवढे मोजायचे शब्द तरी तिला पाठवावेत म्हणून. लाभ म्हटलं, नो त्याव म्हटलं, आणि ऐकलं तर तो दाभोळच्या माणसाचा आवाज होता. तिला वडिलांचा हवा होता. तो आवाज जगात ज्या एका मुलाने ऐकला आणि टाळ्या वाजवल्या, तो आत्ता माझ्यासमोर बसून खारकांच्या बिया ताटाच्या कडेला लावतो आहे. मी त्याला विचारलं, लहानपणी एक म्हातारा टेपवर मोजायचा, आठवतं का? तो म्हणाला, "नो, बाबा." दोन वर्षांचा होता, कसं आठवणार?

बोललेलं वाक्य मोजायलाही त्यांच्या भाषेत एक शब्द आहे. कू. चित कू म्हणजे एक वाक्य. सेंगकाकांनी तो मला सुरुवातीच्या दिवसांतच शिकवला होता, कारण माझी बडबड फार, मी दिवसाला किती कू बोलतो ते त्यांना मोजायचं असायचं. मेईने माझ्याकडे मागितलं ते एवढंच आहे, चित कू. ते मला पाठ आहे. तुझे वडील रागावले नव्हते, तुझी कॅसेट मी पुसली. हे इंग्रजीतही लिहिता येतं, तिला हवं तसं.

बायकोने ताट धुऊन रव्याचे लाडू भरले आहेत, वर फडकं टाकलं आहे, आणि मंदारला हाक मारते आहे, लाडू गरम आहेत तोवर अबू जासिमकडे देऊन ये म्हणून. रिकामं ताट या घरातून आजवर कधी गेलेलं नाही. मी पत्र घडी करून पुन्हा पाकिटात ठेवलं.